इटालियनच्या कोंजुंतिव्होसाठी अँकी: साधन फुकट, पण पत्ते स्वतःच पिसावे लागतात

निकाल आधीच सांगून टाकतो. इटालियनचा कोंजुंतिव्हो पक्का करायला अँकीइतकं उपयोगी फुकट साधन दुसरं नाही. आणि अँकीवर तयार मिळणारे कोंजुंतिव्होचे कार्डसंच मात्र शक्यतो उतरवूनच घेऊ नयेत. साधन चांगलं आणि आयता माल वाईट, असं का, ते कळायला कोंजुंतिव्हो माणसाला नेमका कुठे अडवतो ते आधी पाहावं लागेल.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी: कोंजुंतिव्हो म्हणजे क्रियापदाचा एक ‘अर्थ’. शाळेच्या किंवा एमपीएससीच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ अशी चौकडी घोकलेली असते, त्या अर्थाने अर्थ. जे आहे ते सांगायला इटालियनमध्ये इंदिकातिव्हो, म्हणजे आपला स्वार्थ. जे हवं आहे, जे वाटतं, ज्याची भीती आहे, ‘झालं असतं तर’ म्हणून ज्याची कल्पना करतो, त्याला कोंजुंतिव्हो. त्याचे काळ चार: प्रेझेंते, पास्सातो, इंपेरफेत्तो, त्रापास्सातो. पास्सातो आणि त्रापास्सातो ही जोडरूपं असल्याने त्यांचं वेगळं पाठांतर लागत नाही. खरी मेहनत पहिल्या आणि तिसऱ्याची.

आता अँकी. डेमियन एल्म्स या प्रोग्रॅमरने २००६ साली हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा बाहेर आणलं. नाव जपानी, अर्थ ‘पाठांतर’. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर; उत्तर पाहिल्यावर चार बटणं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. आठवलं तर कार्ड लांबच्या तारखेला जातं, विसरलं तर परत समोर येतं. विंडोज, मॅक, लिनक्सवर फुकट. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड, तेही फुकट. आयफोनवरचं अधिकृत अॅप तेवढं एकदाच पैसे देऊन घ्यावं लागतं. स्टोअरमध्ये ‘अँकी’ नाव लावलेली भलतीच अॅपं दिसतात आणि त्यांतल्या काहींना महिन्याची वर्गणी असते. घाईत ती घेऊ नयेत. फोन आणि कॉम्प्युटरमधली जुळवणी अँकीवेबच्या खात्यातून होते, त्यालाही पैसे नाहीत.

आयते संच का नकोत

आयत्या संचातलं कार्ड साधारण असं असतं: पुढे ‘आंदारे, कोंजुंतिव्हो प्रेझेंते, तृतीय पुरुष एकवचन’, मागे ‘व्हादा’. असली सहाशे कार्डं पाठ झाली की तक्ता पाठ होतो. पण बोलताना कुणी ‘तृतीय पुरुष एकवचन सांग’ असं विचारत नाही. तिथे प्रश्न असतो तो ‘इथे कोंजुंतिव्हो लागतो का’ हा. आणि ज्या संचात प्रत्येक उत्तर कोंजुंतिव्होच आहे, तिथे तो प्रश्न उरतच नाही. संचाच्या नावातच उत्तर फुटलेलं असतं.

यामुळे एक ठरावीक चूक अंगवळणी पडते. असे संच संपवलेला माणूस ‘सेकोंदो मे मार्को सिया स्तांको’ म्हणतो. ‘माझ्या मते मार्को दमलाय’, म्हणजे मत आहे, म्हणजे कोंजुंतिव्हो, असा हिशोब. इटालियन मात्र ‘सेकोंदो मे मार्को ए स्तांको’ म्हणतात, साधा इंदिकातिव्हो. ‘पेन्सो के’ (मला वाटतं की) म्हटलं की ‘सिया’, ‘सेकोंदो मे’ म्हटलं की ‘ए’. मत तेच, दार वेगळं. ‘ए प्रोबाबिले के सिया’ पण ‘प्रोबाबिल्मेंते ए’. ‘बेंके पियोव्हा’ पण ‘आंके से पियोव्हे’ (दोन्ही म्हणजे ‘पाऊस पडत असला तरी’). ‘प्रीमा के’ (…च्या आधी) नंतर कोंजुंतिव्हो, ‘दोपो के’ (…च्या नंतर) नंतर इंदिकातिव्हो. या जोड्या हाच खरा विषय आहे, आणि तक्त्याच्या कार्डांत त्यांना जागाच नसते.

पैसे घेऊन रूपं घोटून घेणारी अॅपंही बरीच आहेत. घड्याळ लावून रूपं विचारतात, गुण देतात, मजा येते. दोष वरचाच.

रूपं: तक्ता नको, तीन युक्त्या पुरतात

संच स्वतः बनवायचा म्हणजे शेकडो रूपं टाइप करायची, या भीतीने लोक आयत्याकडे वळतात. प्रत्यक्षात रूपांची चाळीसेक कार्डं पुरतात, कारण बाकीची नियमाने निघतात.

पहिली युक्ती प्रेझेंतेची. इंदिकातिव्होचं ‘मी’चं रूप घ्या आणि शेवटचा ‘ओ’ काढून ‘आ’ लावा. व्हादो–व्हादा, फाच्चो–फाच्चा, दीको–दीका, व्हेंगो–व्हेंगा, पोस्सो–पोस्सा, व्होल्यो–व्होल्या, एस्को–एस्का, रिमांगो–रिमांगा, शेल्गो–शेल्गा. अनियमित म्हणून घोकली जाणारी बहुतेक क्रियापदं इथेच संपतात. नियमित -आरे क्रियापदांना मात्र ‘आ’ऐवजी ‘ई’: पार्लो–पार्ली. म्हणजे स्वरांची अदलाबदल आहे. इंदिकातिव्होत ज्याचा ‘पार्ला’ होतो त्याचा ‘पार्ली’, ज्याचा ‘प्रेंदे’ होतो त्याचा ‘प्रेंदा’. ‘व्हेंगी’, ‘व्हादी’, ‘फाच्ची’ अशी रूपं इटालियन विनोदी सिनेमात अर्धशिक्षित साहेबी माणसाच्या तोंडी घालून हशा पिकवतात, ती याच अदलाबदलीत घसरलेली.

दुसरी युक्ती उरलेल्या पाचांची. एस्सेरे, आव्हेरे, सापेरे, दारे, स्तारे या पाचांचं ‘मी’चं रूप कामाचं नाही: सोनो, ओ, सो, दो, स्तो. इथे ‘आम्ही’चं रूप घ्यायचं आणि शेवटचा ‘मो’ छाटायचा. सियामो–सिया, आब्बियामो–आब्बिया, साप्पियामो–साप्पिया, दियामो–दिया, स्तियामो–स्तिया. पाचही सुटली.

एकवचनाची तिन्ही रूपं एकच असतात: मी, तू, तो, तिघांनाही ‘सिया’. ‘ते’साठी त्यालाच ‘नो’ जोडा: सियानो, व्हादानो, पार्लिनो. ‘आम्ही’चं रूप इंदिकातिव्होचंच राहतं, त्याला कार्ड नको. ‘तुम्ही’साठी त्याच ‘आम्ही’तला ‘मो’ जाऊन ‘ते’ येतो: आंदियामो–आंदियाते. म्हणून एका क्रियापदाला एकच कार्ड पुरतं.

तिसरी युक्ती इंपेरफेत्तोची. इंदिकातिव्होच्या इंपेरफेत्तोतला ‘व्हो’ काढून ‘स्सी’: पार्लाव्हो–पार्लास्सी, फाचेव्हो–फाचेस्सी, दिचेव्हो–दिचेस्सी, बेव्हेव्हो–बेव्हेस्सी. अपवाद फक्त तीन: एस्सेरेचा फोस्सी, दारेचा देस्सी, स्तारेचा स्तेस्सी. ‘दास्सी’ आणि ‘स्तास्सी’ म्हणणारे खुद्द इटलीतही भेटतात, आणि तिथेही त्यांना भर चौकात दुरुस्त करणारे भेटतात. या तिघांना प्रत्येकी दोन-तीन कार्डं द्यायला हरकत नाही.

एक सूचना. या लेखात रूपं नागरीत दिली आहेत ती उच्चारापुरती. कार्डांवर इटालियन रोमी लिपीतच लिहा. चेर्कारे, पागारे यांच्या कोंजुंतिव्होत ‘क’ आणि ‘ग’ कायम राहावेत म्हणून मध्ये एक मुका एच घुसवावा लागतो. नागरीत ‘चेर्की’ लिहिलं की तो दिसतच नाही, आणि परीक्षेत नेमका तोच राहतो. नागरीचा एक फायदा मात्र आहे: ‘फोस्से’मधला दुहेरी ‘स’ मराठी डोळ्याला ठळक दिसतो. इंग्रजी वळणाने वाचणारे तो गिळतात.

आघाताकडेही लक्ष असू द्या. एकवचनात जोर जिथे, ‘नो’ लावल्यावरही तिथेच. पार्लिनो म्हणताना जोर ‘पार्’वर, ‘ली’वर दिला की ऐकणारा दचकतो. मराठी माणूस शब्द सरळ सपाट म्हणतो, त्यामुळे ही चूक आपली खास. ती वाचून सुधारत नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला आवाज लागतोच. अँकीच्या साच्यात टीटीएसची (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीची) खूण टाकून भाषा इटालियन ठेवली की यंत्राचा आवाज मिळतो. फक्त तो पुढच्या बाजूला टाकू नका, उत्तर ऐकू येईल.

कार्ड कसं असावं

अँकीत नोटेचा (म्हणजे ज्या नोंदीतून कार्ड तयार होतं तिचा) ‘क्लोझ’ नावाचा प्रकार आहे, म्हणजे गाळलेल्या जागा. वाक्य लिहायचं, क्रियापद निवडायचं, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचं. क्रियापदाभोवती दुहेरी महिरपी कंस आणि सी-वन असं चिन्ह येतं. उत्तरानंतर पुन्हा दोन कोलन देऊन मूळ धातू लिहिला की गाळलेल्या जागी तो सूचना म्हणून दिसतो. म्हणजे पुढच्या बाजूला ‘पेन्सो के मार्को [एस्सेरे] स्तांको’, मागे ‘सिया’. जोडीचं वाक्य ‘सो के मार्को [एस्सेरे] स्तांको’, मागे ‘ए’. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या नोटांत ठेवा. एकाच नोटेत ठेवली तर ती लागोपाठ येऊन एकमेकांचं उत्तर सांगतात. नवीन कार्डांच्या सेटिंगमध्ये ‘इन्सर्शन ऑर्डर’ रँडम करा, म्हणजे पत्ते पिसले जातील.

आमच्या मते कामचलाऊ संच १८० कार्डांचा: प्रेझेंतेच्या रूपांची ३०, इंपेरफेत्तोची १२, जोड्यांची ८० (निम्मी कोंजुंतिव्होची, निम्मी नाहीत), कर्ता बदलण्याची ३०, आणि मराठीतून इटालियन करायची २८. टाइप करायला एक रविवार जातो. तो वाया गेला असं समजू नका, जोड्या शोधता-शोधताच अर्धा विषय कळतो.

‘कर्ता बदलण्याची’ म्हणजे काय ते सांगतो. दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर कोंजुंतिव्हो येतच नाही, धातूच वापरतात. ‘मी दमलोय असं मला वाटतं’ हे ‘पेन्सो दि एस्सेरे स्तांको’. ‘पेन्सो के इओ सिया स्तांको’ हे कानाला खटकतं. व्होलेरेला (हवं असणं) तर ‘दि’सुद्धा नको: ‘व्होल्यो आंदारे’. पण कर्ता बदलला की ‘व्होल्यो के तू व्हादा’. कार्डावर मुख्य वाक्य द्यायचं आणि कंसात कर्ता: एकदा ‘मी’, एकदा ‘तू’. मराठी माणसाला हे अवघड जात नाही, कारण आपल्याकडेही ‘मला जायचंय’ आणि ‘तू जावंस असं मला वाटतं’ असा सांधा बदलतोच.

उत्तर टाइप करून तपासायची सोय अँकीत आहे. ती रूपांच्या कार्डांनाच लावा. मुक्या एचची आणि दुहेरी अक्षरांची चूक तिथे लाल होऊन दिसते. सगळ्या संचाला लावली की फोनवर बोटं दुखतात आणि आठव्या दिवशी अॅप उघडलं जात नाही.

सेटिंग्ज

दिवसाला नवीन कार्डं २० असं अँकीचं मूळचं सेटिंग असतं. कोंजुंतिव्होला ते जड आहे. एकमेकांशी साम्य असलेली रूपं एकदम आली की डोक्यात त्यांचा काला होतो. ७ ठेवा. १८० कार्डं २६ दिवसांत आत जातात आणि रोजची बैठक १५ मिनिटांच्या आसपास राहते. वेळापत्रकासाठी एफएसआरएस ही नवी पद्धत २०२३च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून अँकीतच अंतर्भूत आहे. डेक ऑप्शन्समध्ये खालच्या बाजूला तिचं बटण आहे, ते चालू करा आणि आठवण्याचं ९० टक्क्यांचं लक्ष्य आहे तसंच राहू द्या. ते ९७ केलं की कार्डांचा पूर येतो.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हार्ड बटणाची. उत्तर आलं नाही, पण ‘जवळपास आलं होतं’ म्हणून लोक हार्ड दाबतात. अँकीच्या लेखी हार्ड म्हणजे पास. आठवलं, पण कष्टाने, एवढाच त्याचा अर्थ. ‘सेंतानो’ला ‘सेंतोनो’ म्हटलं तर ते जवळपास नव्हे, ते चूकच. एका स्वराचा फरक हाच तर अख्खा कोंजुंतिव्हो. तिथे अगेनच दाबायचं.

आठ वेळा चुकलेल्या कार्डावर अँकी आपण होऊन खूण करतं, त्या खुणेला ‘लीच’ म्हणजे जळू असं नाव आहे. कोंजुंतिव्होच्या संचात जळवा झालेली कार्डं तपासली तर स्मरणशक्तीचा दोष क्वचितच निघतो. बहुतेकदा त्या वाक्याला दोन बरोबर उत्तरं असतात. ‘चेर्को ऊना काझा के [आव्हेरे] इल जार्दीनो’: बाग असलेलं एक ठरावीक घर शोधत असाल तर ‘आ’, कुठलंही चालेल पण बाग हवी असेल तर ‘आब्बिया’. ‘नोन सो से [एस्सेरे] व्हेरो’: ‘ए’ आणि ‘सिया’ दोन्ही चालतात, दुसरं जरा नेटकं. ‘स्पेरो के [व्हेनिरे]’: ‘व्हेंगा’ही चालेल आणि भविष्यकाळी ‘व्हेर्रा’ही. असं कार्ड आहे तसं चालू ठेवू नका. एक तर संदर्भ वाढवा, नाहीतर काढून टाका.

मराठीचा आधार किती घ्यावा

इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्या मराठी माणसाचा एक तोटा होतो, तो कुणी सांगत नाही. इंग्रजीत हा प्रकार जवळजवळ झिजून गेलाय, त्यामुळे इंग्रजी पाठ्यपुस्तकं कोंजुंतिव्होला परग्रहावरची वस्तू करून टाकतात. मराठीत तो घरचाच आहे. ‘देव तुझं भलं करो’ यातला ‘करो’ म्हणजे ‘दिओ ती बेनेदीका’मधला ‘बेनेदीका’. ‘पाऊस पडता तर!’ म्हणजे ‘मागारी पियोव्हेस्से!’ आणि ‘पाऊस पडला असता, तर पीक चांगलं आलं असतं’ हे वाक्य ‘से आव्हेस्से पियोव्हूतो, इल राक्कोल्तो सारेब्बे स्तातो बुओनो’ यावर जवळजवळ खणाला खण बसतं.

जवळजवळ म्हणायचं कारण, आपण दोन्हीकडे ‘असता–असतं’ वापरतो आणि इटालियन तसं करत नाही. ‘से’च्या (म्हणजे ‘जर’च्या) बाजूला कोंजुंतिव्हो, ‘तर’च्या बाजूला कोंदित्सिओनाले हा वेगळाच अर्थ. मराठीच्या सममितीने गेलं की ‘से आव्हेरेई तेंपो, व्हेर्रेई’ असं तोंडून जातं, आणि ‘से आव्हेरेई’ ही इटलीतल्या शाळेतली सर्वांत बदनाम चूक. बरोबर रूप ‘से आव्हेस्सी तेंपो, व्हेर्रेई’. यासाठी क्लोझमध्ये दोन्ही क्रियापदांना एकच सी-वन क्रमांक द्या, म्हणजे दोन्ही जागा एकदम गाळल्या जातात आणि जोडी जोडीनेच आठवावी लागते. बोलताना इटालियन माणूस ‘से आव्हेव्हो तेंपो, व्हेनिव्हो’ असं दोन्हीकडे साधा इंपेरफेत्तो लावून मोकळा होतो हे खरं. ते ओळखता यावं, पण संचात नको.

आदरार्थी आज्ञार्थाचं तर विचारायलाच नको. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’, ‘आपण बसावं’ हे आपण ज्या थाटात म्हणतो, त्याच थाटात इटालियनमध्ये ‘लेई’शी (आदरार्थी ‘आपण’शी) बोलताना कोंजुंतिव्हो येतो. दुकानदार ‘मी दीका’ (मला सांगा) म्हणतो, रस्ता विचारणारा ‘स्कूझी’ (माफ करा) आणि ‘सेंता’ (ऐका) म्हणतो. मित्राशी हेच ‘स्कूझा’ आणि ‘सेंती’ होतं. पहिल्या आठवड्यात पाठ केलेलं ‘स्कूझी’ हे कोंजुंतिव्होचंच रूप होतं, हे बहुतेकांना वर्षभराने कळतं. दक्षिण इटलीत काही ठिकाणी ‘दीका’च्या जागी ‘दिचेस्से’ ऐकू येतं. ते तिथलं वळण, उचलायचं नाही.

मराठीतून तपासायची एक कसोटी बरीच उपयोगी आहे. ‘की’ नंतरच्या क्रियापदाला ‘असावा–असावी–असावं’ लावून पाहा. ‘मला वाटतं मार्को दमला असावा’ बसतं, म्हणून ‘पेन्सो के सिया’. ‘मला माहीत आहे की मार्को दमला असावा’ विचित्र वाटतं, म्हणून ‘सो के ए’. पेन्सारे, क्रेदेरे, ‘ए पोस्सीबिले के’, ‘पारे के’ इथे ती कसोटी टिकते. रोजच्या मराठीत आपण ‘मला वाटतं मार्को दमलाय’ असं साध्या स्वार्थात म्हणतो आणि म्हणूनच ‘पेन्सो के ए’ आपसूक तोंडात येतं. बोलताना काही इटालियनही तसं म्हणतात, पण परीक्षेच्या कागदावर ते खपत नाही.

कसोटी दोन ठिकाणी दगा देते. एक, भावनेची क्रियापदं. ‘तू इथे आहेस याचा आनंद आहे’ यात शंका कसलीच नाही, ‘असावास’ बसणार नाही, तरी इटालियनमध्ये ‘सोनो कोंतेंतो के तू सिया क्वी’. दोन, ‘बहुधा’. ‘बहुधा तो आला असावा’ मराठीत झकास, पण ‘फोर्से ए व्हेनूतो’ला कोंजुंतिव्हो नाही. या दोन्हींची सात-आठ कार्डं जास्तच ठेवा.

अँकी कुठे थिटं पडतं

काळांचा मेळ. इटालियनमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतलंही मागे सरकतं. ‘पेन्सो के सिया’, पण ‘पेन्साव्हो के फोस्से’. आधी घडून गेलेलं असेल तर ‘पेन्सो के सिया स्तातो’ आणि ‘पेन्साव्हो के फोस्से स्तातो’. पुढे घडणार होतं म्हणायचं तर कोंजुंतिव्हो सोडून ‘पेन्साव्हो के सारेब्बे व्हेनूतो’. त्यात ‘व्होल्यो के तू व्हेंगा’ पण ‘व्होर्रेई के तू व्हेनिस्सी’: ‘व्होर्रेई’चा अर्थ वर्तमानातला, तरी आत इंपेरफेत्तो. एका ओळीच्या कार्डावर यातला एक कोपरा कळतो, सरकण्याची सवय लागत नाही. त्यासाठी वही बरी. एकच वाक्य घ्या, मुख्य क्रियापद चार वेळा बदला, खालचं प्रत्येक वेळी बदलून लिहा. आठवड्याला अशी तीन वाक्यं पुरतात.

बोलण्याचा वेगही अँकी देत नाही. कार्डावर तीन सेकंद विचार करता येतो, संभाषणात ‘पेन्सो के’ म्हणून झालेलं असतं आणि पुढचं रूप तयार लागतं. अडलं तर ‘सेकोंदो मे’ म्हणा आणि निसटा. ही फसवणूक नव्हे, इटालियनही करतात.

कार्डांच्या बाहेरची दोन दारं

कार्ड बनवताना रूप खरं की खोटं हे पाहायला ट्रेक्कानीचा ऑनलाइन शब्दकोश उघडा ठेवा. ही रोममधली विश्वकोशाची संस्था, १९२५ सालची. अनियमित क्रियापदाच्या नोंदीत सुरुवातीलाच कंसात अवघड रूपं दिलेली असतात, त्यांत कोंजुंतिव्होचीही. पूर्ण तक्ता नसतो. नेमकं जे नियमाने निघत नाही तेवढंच असतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. जाहिराती सोसायला लावून पूर्ण तक्ते दाखवणाऱ्या साइटींपेक्षा हे दसपट बरं.

‘हे चालतं का’ या प्रश्नासाठी फ्लॉरेन्सची आक्कादेमिया देल्ला क्रूस्का. १५८३ची संस्था, १६१२मध्ये तिने पहिला शब्दकोश काढला. क्रूस्का म्हणजे कोंडा; भाषेच्या पिठातला कोंडा चाळायचा म्हणून हे नाव, आणि बोधचिन्हही पीठ चाळायचं यंत्रच. तिची भाषासल्ल्याची सेवा फुकट आहे: कुणीही प्रश्न पाठवायचा, अभ्यासक उत्तर लिहितात, निवडक उत्तरं साइटवर येतात. कोंजुंतिव्होवर तिथे भरपूर मजकूर आहे. ‘हो किंवा नाही’ अशा अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. उत्तर बहुधा असं येतं की लेखी आणि औपचारिक भाषेत अमुक, बोलण्यात तमुक, अमक्या प्रांतात तिसरंच. उत्तरं इटालियनमध्ये आणि लांबलचक असतात, बी-टू पातळीच्या (ए-वन ते सी-टू या सहा युरोपीय भाषापातळ्यांतल्या चौथ्या) आत ती झेपत नाहीत. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्या येईल असं धरून चालू नका. आपला प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला असतोच, म्हणून शोधपेटीत ‘कोंजुंतिव्हो’ आणि अडलेला शब्द टाकणं सर्वांत सोपं.

कुणी घ्यावं, किती गुण

रूपांसाठी अँकीला ५ पैकी साडेचार. अर्धा गुण गेला तो पहिल्या दिवशीच्या सेटिंगच्या जंगलामुळे. जोड्यांसाठी, संच स्वतः बनवलात तर ४, आयता घेतलात तर १. काळांच्या मेळासाठी २. बोलण्यासाठी शून्य, आणि त्याचा तसा दावाही नाही.

ए-टू पातळीपर्यंत याच्या वाटेला जाऊ नये. ‘मी’ची इंदिकातिव्हो रूपं तोंडावर नसतील तर पहिली युक्ती कोसळते. इटलीत राहून नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांना लग्नाच्या किंवा वास्तव्याच्या आधारावर अर्ज असेल तर डिसेंबर २०१८पासून बी-वनचं प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे लागतं. सिएना आणि पेरुजा इथली परकीयांसाठीची विद्यापीठं, रोमा त्रे विद्यापीठ आणि दांते आलिगिएरी सोसायटी, या चौघांच्या परीक्षा त्यासाठी धरतात. त्यासाठीच शिकत असाल तर इंपेरफेत्तोची बारा आणि ‘से’ची कार्डं आधी बाजूला ठेवा, प्रेझेंतेच्या जोड्या आणि ‘लेई’चा आज्ञार्थ पुढे घ्या. कार्डं निवडून सस्पेंड केली की ती रांगेतून निघतात, पुसली जात नाहीत. प्रमाणपत्र हातात आलं की पुन्हा चालू करता येतात.